दांत काढल्यानंतरचें दुखणें

दांत काढल्यावर एक-दोन दिवस दुखणें स्वाभाविक आहे. पुढें काय करावें, हें ठरविण्यास एक कसोटी ध्यानांत ठेवावी : दुखणें दिवसेंदिवस उतरत आहे कीं चढत आहे?

दांताच्या खळग्यांत रक्त गोठून गुठळी होते. ती खालच्या हाडावरचें पांघरूणच होय. जोराच्या गुळण्यांनीं किंवा धूम्रपानानें ती निघाल्यास हाड उघडें पडतें. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ठणका वाढून कानापर्यंत जातो, तोंडास दुर्गंधि येते. अशा वेळीं मिशरी वगैरे खळग्यांत भरूं नये. दंतवैद्य खळगा धुऊन औषधाची पट्टी ठेवतो व बहुधा लवकरच आराम पडतो.

रक्त वाहूं लागल्यास स्वच्छ ओल्या कापडाची घडी त्या जागीं ठेवून अर्धा तास दांतांनीं घट्ट दाबून धरावी. मध्येंच काढून पाहूं नये. रक्त न थांबल्यास, तसेंच ताप, पू किंवा वाढती सूज दिसल्यास, त्याच दिवशीं दंतवैद्य गांठावा.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनीं प्रथम दांत काढणाऱ्या दंतवैद्याकडेच जावें. मुळें कशीं निघालीं हें त्यास ठाऊक असतें. दुसरें मत हवें असल्यास मुंबईचें नायर दंत महाविद्यालय आहेच. परंतु गिळतां येईना किंवा श्वास अडूं लागला, तर वाहनांच्या कोंडींतून मुंबई गांठण्याचा हट्ट न धरतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जवळचें मोठें रुग्णालय गांठावें.