खडीच्या ढिगापासून समृद्धीपर्यंत

१९४३च्या डिसेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, देशातल्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि पुढच्या वीस वर्षांसाठी त्यांनी रस्त्यांचा आराखडा तयार केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आज अंगवळणी पडलेली वर्गवारी त्या ‘नागपूर योजने’तली. शेतीच्या विकसित पट्ट्यातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असा दंडक त्यांनी घातला होता. मोजायला सुरुवात गावापासून होत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा चर्चा होती ती नागपूरहून मुंबई किती तासांत गाठता येईल याची. या ऐंशी वर्षांत महाराष्ट्रातले रस्ते अनेक पटींनी वाढले आणि गरिबीही बरीच घटली. पण कुठल्या रस्त्याने गरिबाच्या घरात काय बदललं, याचा हिशेब मांडायला आपण कधी बसलो नाही. नागपूर ते गोवा असा शक्तिपीठ महामार्ग दारात उभा असताना हा हिशेब मांडायलाच हवा.

रस्ता आणि गरीब माणूस यांची सर्वांत जवळची गाठ आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात पडली. १९७३च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग होतंच, पण रस्त्यांची कामं गावोगाव निघाली होती. घरात दाणा नाही, शिवारात काम नाही, अशा वेळी सडकेच्या कडेला बसून खडी फोडायची, घमेल्याने मुरूम टाकायचा. मुकादमाने मस्टरवर नाव घेतलं की हप्त्याला मजुरी मिळायची आणि वर सुकडी. या कामांवर बायकांची संख्या मोठी होती. स्वतःच्या नावाने हातात रोख पैसा येण्याचा अनेकींचा तो पहिला अनुभव होता.

यामागची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. काम मागेल त्याला काम, हा विचार त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोगादाखल राबवला होता. दुष्काळाने त्याला राज्यभराचं रूप दिलं, १९७७ साली रोजगार हमी योजनेचा (रोहयो) कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला. मुंबईतल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाई आणि मराठवाड्यातल्या शेतमजूर बाईच्या मजुरीला तिचा आधार होई. शहराने खेड्याचं देणं फेडण्याची इतकी थेट व्यवस्था त्याआधी देशात कुठे झाली नव्हती आणि नंतरही क्वचितच झाली. खर्चाचा निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जावा, हा नियमही त्यातलाच.

त्या रस्त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. मातीकाम व्हायचं, खडी पडायची आणि पुढे डांबराला पैसे नसायचे. मोऱ्या राहून जायच्या, एका पावसाळ्यात भराव वाहून जायचा. फोडलेल्या खडीचे ढीग वर्षानुवर्षं कडेला पडून राहायचे. तरीही बैलगाडीची चाकोरी होती तिथे त्या कामांनी रस्त्याची जागा तरी पक्की केली. पुढच्या पंचवीस वर्षांत जिल्हा परिषदेने, बांधकाम खात्याने, ग्रामसडक योजनेने त्याच आखणीवर थरांवर थर चढवले.

आणि त्या रस्त्यावरून एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी धावली होती. आडगावांपर्यंत ती पोचायला मात्र सत्तरचं आणि ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. मुक्कामी गाडीने गावात काय केलं, हे ज्यांनी ती पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे निघणाऱ्या त्या गाडीत तालुक्याच्या दवाखान्याला जाणारा पेशंट असे, कॉलेजची पोरं असत, टपावर भाजीच्या पाट्या असत. दुधाचंही तसंच. धारा काढल्यावर दूध काही तासांत संकलन केंद्रावर पोचलं नाही तर ते नासतं. पावसाळ्यात गाळात रुतणाऱ्या वाटेवर दोन म्हशींच्या मालकाला दुधाचा धंदा परवडतच नव्हता. रस्ता बारमाही झाला तेव्हा तो परवडू लागला. पुढे अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळाला, मानव विकास मिशनच्या निळ्या गाड्या आल्या आणि पाचवी-सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली माध्यमिक शाळेत दिसू लागल्या. हे सगळं रस्त्याने केलं असं म्हणता येणार नाही. रस्ता, गाडी, पास आणि चार-पाच मैलांवर चालू असलेली शाळा, एवढं सगळं एकत्र आलं तेव्हा ते झालं.

१९९९ साली सुखदेव थोरात, शेंगेन फान आणि पीटर हेझेल या तिघांनी भारतातल्या सरकारी खर्चाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सिंचन, वीज, शिक्षण, शेती संशोधन, रस्ते अशा बाबींवर सरकारने घातलेल्या रुपयाने ग्रामीण गरिबी किती हटली, हे त्यांनी राज्यांच्या आकडेवारीवरून तपासलं. पहिला क्रमांक आला ग्रामीण रस्त्यांचा आणि दुसरा शेती संशोधनाचा. रोहयोवर घाम गाळलेल्या पिढीला या निष्कर्षाचं नवल वाटलं नसतं.

पण देशाचं लक्ष तोवर दुसरीकडे लागलं होतं. १९९६ साली राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं आणि २००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. त्याच सुमाराला चार महानगरांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाचं काम जोरात होतं. त्याच्या दोन भुजा महाराष्ट्रातून गेल्या: एक मुंबईहून पालघरमार्गे सुरतेकडे, दुसरी पुणे, सातारा, कोल्हापूर करत बेंगळुरूकडे. मराठवाड्याला तो शिवलाच नाही आणि विदर्भालाही नाही. एजाज घनी आणि सहकाऱ्यांनी या चतुष्कोनाचा अभ्यास केला तेव्हा मार्गाच्या दहा किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत संघटित कारखानदारीचं उत्पादन चांगलंच वाढलेलं दिसलं. लांबच्या जिल्ह्यांत तसं काही आढळलं नाही. चीनमध्ये तर बेन फेबर यांना याहून कठीण गोष्ट दिसली. मोठ्या शहरांना जोडणारे महामार्ग ज्या छोट्या तालुक्यांमधून गेले, तिथली औद्योगिक वाढ मार्ग न लाभलेल्या तालुक्यांपेक्षा मंदावली, कारण मोठ्या शहराचा स्वस्त माल आता तिथे सहज पोचत होता.

चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत हजारो पोरांना काम मिळालं, हे मी नाकारत नाही. नाशिकच्या द्राक्षांचा कंटेनर वेळेत न्हावा-शेवा बंदरात पोचतो, त्यात द्राक्ष तोडणाऱ्या मजुराचाही वाटा असतो. महामार्ग संपत्ती निर्माण करतो याबद्दल मला शंका नाही. ती कोणाच्या हातात जाते, हे मात्र कडेची जमीन कोणाची आणि त्या रस्त्यावर चालवायला वाहन कोणाकडे, यावर ठरतं.

याच काळात, २५ डिसेंबर २००० रोजी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता, ओढ्यावर मोरी, पुढची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० लोकवस्तीच्या वरची वाडी यात बसायची. लोकसंख्येच्या या अटीमुळे संशोधकांची सोय झाली. उंबरठ्याच्या जरा वरची आणि जरा खालची गावं एरवी सारखीच असतात; फरक एवढाच की वरच्यांना रस्ता मिळाला. सॅम ॲशर आणि पॉल नोव्होसाद यांनी देशभरातल्या अशा गावांची तुलना करून २०२० साली निष्कर्ष मांडले. रस्ता झाल्यावर शेतीवर राबणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे घटलं. माणसं बाहेर मजुरीला जाऊ लागली. पण पीकपद्धती, घरातली मालमत्ता, उत्पन्न यांत म्हणावा असा बदल चार-पाच वर्षांत दिसला नाही. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात उच्च प्राथमिक टप्प्यावरच्या मुलांची शाळेतली नोंदणी सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली आढळली.

हे निष्कर्ष वाचून काहींनी ग्रामीण रस्त्यांवरचा खर्च वाया गेला असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. शेतमजुराला गावातल्या एका-दोन मोठ्या शेतकऱ्यांच्या बांधावरच उभं राहावं लागत असेल, तर मजुरीचा भाव तेच ठरवतात. काळीपिवळीत बसून तालुक्याला जाता येतं, तिथल्या बांधकामावर काम मिळतं, ही शक्यता नुसती असली तरी गावातल्या मजुरीची बोलणी बदलतात. मालमत्तेच्या आकड्यात हे लगेच दिसणार नाही. मात्र रस्त्याने शेती सुधारली नाही, कारण शेतीची अडचण पाण्याची, भावाची आणि कर्जाची होती, हे मान्य करायलाच हवं. बीडच्या गावांना रस्ते झाले, तरी ऊसतोडीची कोयती उचलून दिवाळीच्या सुमाराला निघणारी कुटुंबं थांबली नाहीत. त्याच रस्त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्यांना न्यायला आल्या.

समृद्धीची घोषणा २०१५ची. ७०१ किलोमीटर, १२० मीटर रुंदीचा पट्टा, दहा जिल्ह्यांतली ३९२ गावं, आठ हजार हेक्टरांहून अधिक जमीन. आधी योजना होती ती जमीन एकत्र करून तिच्या बदल्यात नवनगरांत विकसित भूखंड देण्याची. सिन्नर तालुक्यातल्या शिवड्याच्या शेतकऱ्यांनी मोजणीला येणाऱ्यांना अडवलं, औरंगाबाद जिल्ह्यातही विरोध पेटला, आणि २०१७मध्ये सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला. रेडी रेकनरच्या पाचपट भाव मिळू लागला तशी खरेदीखतं झपाट्याने होऊ लागली. कोरडवाहू शेतीत आयुष्यभर जे पाहिलं नव्हतं ते पैसे कुटुंबांना एका दिवसात मिळाले. काहींनी दुसरीकडे जमीन घेतली, कर्ज फेडलं, पोरांच्या शिक्षणाची सोय केली. काहींचे पैसे भावकीच्या वाटण्यांत आणि गाड्यांत गेले. आखणी लोकांपुढे येण्याआधीच मोक्याच्या जागा बाहेरच्यांनी घेऊन ठेवल्याचे आरोपही तेव्हा झाले.

मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. त्याच शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारा सालगडी, बटईने कसणारा, खुरपणीला जाणारी बाई यांचं काम जमिनीबरोबर गेलं, आणि त्याची किंमत कुठल्याही खरेदीखतात लिहिली गेली नाही. १९७३मध्ये अशाच माणसाला रस्ता बांधताना मजुरी मिळाली होती. आता रस्ता यंत्रं बांधतात आणि कुशल मजूर लांबून येतात. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापुरात गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जण गेले, त्यांत परराज्यांतले बरेच होते. बांधून झालेल्या या मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर चालत नाहीत; दोन्ही बाजूंना कुंपण आहे. नागपूर ते शिर्डी हलक्या गाडीला सुरुवातीला सुमारे ९०० रुपये टोल होता. २०२२-२३मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. या एका तालुक्यात मध्य रेल्वे आहे, मुंबई–आग्रा महामार्ग आहे, मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं आहेत आणि आता समृद्धीही आहे. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि पावसाळ्यात बाळंतिणीला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नंदुरबारचंही तेच. सुरत–नागपूर महामार्ग त्या जिल्ह्यातल्या नवापूर, विसरवाडीवरून कित्येक दशकं जातो आहे. नीती आयोगाच्या २०१५-१६च्या आकडेवारीवर आधारलेल्या बहुआयामी गरिबीच्या यादीत राज्यात सर्वांत वर नाव होतं ते नंदुरबारचं. निम्म्याहून अधिक लोक गरीब. आयोगाच्याच अहवालांप्रमाणे पुढच्या पाच वर्षांत महाराष्ट्राची गरिबी १४.८० टक्क्यांवरून ७.८१ टक्क्यांवर आली. पण सप्टेंबर २०२१मध्ये नंदुरबारच्याच चांदसैली घाटात दरड कोसळली आणि एका नवऱ्याला आजारी बायको खांद्यावर घेऊन घाट उतरावा लागला. ती वाचली नाही. सातपुड्यातले पाडे विखुरलेले आणि छोटे. २५० डोक्यांच्या अटीत त्यांतले कितीतरी बसतच नाहीत.

गडचिरोलीत १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि अहेरीहून गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी गेली. दुसरीकडे समृद्धीवर सुमारे ५५ हजार कोटी रुपये खर्च झाले. शक्तिपीठासाठी ८६ हजार कोटींचा आकडा सांगितला जातो, आणि कोल्हापूरच्या बागायती शेतकऱ्यांनी आपली जमीन द्यायला नकार दिला आहे. माझी मागणी अशी: पुढची मोजणी सुरू करण्याआधी समृद्धीच्या ३९२ गावांची घरटी पाहणी व्हावी आणि ती सरकारने छापावी. जमीन दिलेल्यांपैकी किती जणांकडे आज जमीन आहे, ते पैसे कशात गेले, बटईदार आणि सालगडी कुठे गेले, नवनगरांच्या जागी काय उभं राहिलं, इंटरचेंजजवळच्या जमिनीचे सातबारे आता कोणाच्या नावावर आहेत, आणि कुंपणापलीकडच्या शेतात जायला शेतकऱ्याला किती वळसा पडतो. याच पाहणीत शहापूरच्या, नंदुरबारमधल्या धडगावच्या आणि गडचिरोलीतल्या भामरागडच्या रस्ता नसलेल्या प्रत्येक पाड्याचं नाव लिहावं, आणि शक्तिपीठाच्या निविदा निघण्याआधी त्या पाड्यांच्या रस्त्यांचे पैसे जिल्हा परिषदांच्या खात्यात जमा व्हावेत.