जुनी डर्ट बाईक घेताना

नागोठणे परिसरात शेताची चिखलवाट आणि मुंबई-गोवा महामार्ग या दोन्हींवर चालणारी उंच मोटारसायकल उपयोगी पडते. म्हणून काहीजण शर्यतीची जुनी डर्ट बाईक स्वस्तात घेऊन तिला दिवे व हॉर्न बसवितात. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही आणि नुसते दिवे लावल्याने नोंदणी मिळत नाही. अशा गाडीने अपघात झाल्यास भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.

त्याऐवजी दोन्ही कामांसाठीच बनविलेली, नोंदणी झालेली गाडी निवडावी. उदा. हिरोची इम्पल्स (२०११) किंवा एक्सपल्स २०० (२०१९). खरेदीपूर्वी पुढील बाबी पाहाव्यात :

१) चासी व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत. नोंदणीची १५ वर्षांची मुदत तपासावी.

२) एअर फिल्टर उघडावा. आत चिखल असल्यास पिस्टन रिंगा झिजलेल्या असू शकतात. इंजिन थंड असताना सुरू करावे. निळसर धूर आल्यास गाडी घेऊ नये.

३) पुढचे शॉकअप दाबून तेलगळती पाहावी.

व्यवहारानंतर नमुना २९ व ३० भरून ३० दिवसांत पेण येथील परिवहन कार्यालयात गाडी नावावर करावी व विमाही आपल्या नावे करून घ्यावा.