अधिवास आणि संस्कृती : सांस्कृतिक नियोजनाचा एक विचार

17 एप्रिल 1976 रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर नोएडा या नियोजित औद्योगिक नगराची स्थापना झाली. त्याच्या सीमेवर, ओखला बंधाऱ्याच्या जलाशयाचे सुमारे 4 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 1990 मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे भोवतालच्या बांधकामांचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला आणि 2015 मध्ये केंद्र शासनाने अभयारण्याभोवती संरक्षित पट्टा आखून दिला. काही बाजूंना तो अवघा 100 मीटरांचा आहे. तो अपुरा म्हणता येईल. परंतु पक्षी राखावयाचा तर त्याचा अधिवास राखला पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

याच नगरात हरौला, अट्टा, नयाबांस ही जुनी गावे सेक्टरांनी वेढली गेली. या प्रदेशातील रागिणी आणि स्वांग यांचे नाते चौपालीशी, शेतीच्या हंगामाशी आणि रात्रभर बसणाऱ्या जाणत्या श्रोतृवर्गाशी होते. जमीन संपादित झाली तेव्हा या नात्याची नोंद कोणत्याही नकाशात झाली नाही.

सजीव आणि त्याचा परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासाला हेकेल याने 1866 मध्ये नाव दिले. त्या दोहोंची मिळून एक व्यवस्था होते, ही कल्पना टॅन्स्ली याने 1935 मध्ये मांडली. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हा विचार सर्वस्वी परका नाही. प्राचीन तमिळ काव्यशास्त्रातील ‘तिणै’ या संकल्पनेत भूप्रदेश, ऋतू, वनस्पती, व्यवसाय आणि भाव यांची एकत्र सांगड घातलेली आहे.

या दृष्टीने मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी, नारायण सुर्वे यांची कविता, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी ही सर्व चाळ, खाणावळ, गिरणीची पाळी आणि गावाकडचे येणेजाणे यांच्या आधाराने वाढली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर हा आधार ढासळला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागा आणि सार्वजनिक गृहनिर्माण यांच्यासाठी ठेवला होता. 2001 च्या दुरुस्तीने तो पुष्कळच आकुंचित केला. हा निर्णय नगररचनेचा मानला गेला. वस्तुतः मराठी साहित्याच्या एका प्रवाहावर त्याचा जो परिणाम झाला, तो कोणत्याही सांस्कृतिक ठरावाहून खोल होता.

सांस्कृतिक धोरणाची रूढ साधने म्हणजे पुरस्कार, मानधन, महोत्सव आणि सभागृहे. कलावंताला त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण जाणता श्रोता, परवडणारे घर, तालमीची जागा आणि शिष्य यांची भरपाई त्यांनी होत नाही.

या उपमेला अर्थातच मर्यादा आहेत. पक्षी आपल्या अधिवासाचा निषेध करीत नाही, माणूस करतो. गिरणीतील कष्ट किंवा चौपालीवरील जातिभेद कलेसाठी टिकवावेत, असे कोणी म्हणणार नाही. अधिवास गोठविणे हा परिसरविचाराचा अर्थ नव्हे. बदल अटळ असेल तेथे नव्या वस्तीत जुन्या कलेला मूळ धरता येईल इतकी जागा, वेळ आणि माणसांचा सहवास उरतो की नाही, एवढाच त्याचा प्रश्न आहे. हा प्रश्न जमिनीचा नकाशा तयार होत असतानाच विचारला पाहिजे. नकाशा मंजूर झाल्यावर सांस्कृतिक खात्याच्या हाती बहुधा गौरवसमारंभच उरतो.