तोंड आलंय? मग बोलूया!

मराठीत पाहुणे येतात, पगार येतो, डोळे येतात आणि तोंडही येतं. बाकी काहीही आलं की आपण चार लोकांना सांगतो. तोंड आलं की मात्र सांगायचीही पंचाईत! ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला मोहरीएवढा पांढरा ठिपका, भोवती लाल कडा... आणि त्या ठिपक्याच्या मर्जीवर तुमचा अख्खा आठवडा. क्लायंट कॉलवर बोलताना डोळ्यांत पाणी, कॅन्टीनमध्ये रोज दहीभात, आणि कलीगची ठरलेली कॉमेंट, ‘काय मॅडम, डाएट का?’

मी मूळची गारगोटीची. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठचं, भुदरगड तालुक्याचं गाव. गेल्या वर्षी जत्रेला घरी गेले तेव्हा ताटात तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि माझ्या तोंडात तीन फोड. आमच्याकडे पंगतीत बसून ‘तिखट नको’ म्हणणं म्हणजे लग्नात जाऊन आहेर परत मागण्यासारखं आहे. अर्ध्या तासात घरभर बातमी. मावशीचं निदान तयारच होतं, ‘काय न्हाई, उष्णता झालीया. पुण्यात भायेरचं खातीस नव्हं?’

मग उपायांची रांग लागली. मावशीनं परसातल्या जाईचा पाला चावायला दिला. आत्यानं कच्चं तोंडलं दिलं (नावातच तोंड आहे, तेव्हा लागू पडणारच!). शेजारच्या काकूंनी साजूक तूप आणलं. काकांनी काढला पाटगावचा मध. पाटगाव आमच्याच तालुक्यातलं, आता ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जाणारं. तिथंच मौनी महाराजांचा मठ आहे, ज्यांच्या नावानं गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं आहे. तोंड आलेल्या मुलीला मौनी महाराजांच्या गावचा मध... याहून नेमकं औषध कुठलं?

गंमत म्हणजे यातला प्रत्येक उपाय ‘लागू पडतो’. कारण साधं आहे. आपल्याला नेहमी येतात ते फोड एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि काहीही न करता सात ते चौदा दिवसांत बरे होतात, मागे व्रणही ठेवत नाहीत. सातव्या दिवशी जो उपाय हातात असेल, त्याला क्रेडिट मिळतं! तरी तूप-मधाला नावं ठेवू नका. त्यांचा लेप बसला की फोडाला अन्न कमी झोंबतं. मधानं दुखणं कमी होतं, असं छोट्या चाचण्यांत दिसलंही आहे. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.)

उष्णता की ऑफिस?

डॉक्टरी भाषेत याला ‘ॲफ्थस अल्सर’ म्हणतात. साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी होतोच. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे पाण्याची बाटली शेअर केल्यानं पसरत नाही. ओठाच्या बाहेरच्या कडेवर पुरळासारखे पाणी भरलेले फोड येतात ते वेगळे. ती बहुतेकदा नागीण जातीच्या विषाणूची करामत असते आणि ती पसरते.

ॲफ्थस अल्सर का होतो, याचं एकच एक उत्तर नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच तोंडाच्या अस्तरावर चालून जाते, एवढं कळलंय. तिला चिथावणारी यादी वाचली की आपला बायोडेटा वाचल्यासारखं वाटतं. टेन्शन, जागरण, घाईत खाताना गालाचा चावा, सकाळी आठच्या कॅबसाठी दात खसाखसा घासताना हिरडीला बसलेला ब्रशचा फटका. काही मुलींना पाळीच्या आधी हमखास. काहींना टूथपेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही, त्यांनी पेस्ट बदलून पाहावी. आणि एक अजब गोष्ट, सिगरेट सोडल्यावर काहींना सुरुवातीचे काही आठवडे जास्त फोड येतात. म्हणून कुणी पुन्हा सुरू करू नका हं! ते फोड जातात.

पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला तो बी-ट्वेल्व्हचा धागा. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! बी-ट्वेल्व्ह मिळतं ते दूध-दही, अंडी, मासे, मटणातून. म्हणजे चहातल्या दोन चमचे दुधावर जगणाऱ्या शाकाहारी मंडळींचा नंबर आधी लागतो. इस्रायलमध्ये २००९ साली झालेल्या एका चाचणीत वारंवार तोंड येणाऱ्या ५८ लोकांपैकी निम्म्यांना रोज जिभेखाली बी-ट्वेल्व्हची गोळी दिली, बाकीच्यांना नुसतीच साधी गोळी. सहा महिन्यांनी गोळीवाल्यांपैकी ७४ टक्के लोकांना एकही फोड नव्हता, दुसऱ्या गटात ३२ टक्क्यांना. चाचणी लहान आहे, तरी दर महिन्याला तोंड येत असेल तर हिमोग्लोबिन, लोह, फोलेट आणि बी-ट्वेल्व्ह एकदा तपासून घेण्याइतकी दमदार नक्कीच आहे. नुसत्या लालपिवळ्या कॅप्सूल किती दिवस गिळणार?

तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, चिवडा-फरसाणाला सुट्टी. जेवणाआधी दहा मिनिटं बधिर करणारं जेल लावलं की घास गिळता येतो. रात्री लावायची स्टेरॉइडची पेस्ट असते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, कारण विषाणूच्या फोडावर लावली तर उलटते. तुरटीचा खडा थेट फोडावर घासणाऱ्या वीरांना माझा लांबूनच नमस्कार.

तीन बोटं

मी असं सगळं ज्ञान पाजळत असताना माझा चुलतभाऊ शेजारी गप्प बसून होता. दादाचं वय चौतीस. त्यानंही तिखट बाजूला सारलं होतं. नंतर अंगणात म्हणाला, ‘मलाबी आलंय तोंड. दोन म्हैनं झालं.’

दोन महिने? दुखतं का विचारलं, तर म्हणाला, ‘दुखत न्हाई फारसं. म्हणून तर गेलो न्हाई कुठं.’

आमच्याकडे मावा हा गप्पांचाच एक भाग आहे. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात चोळायचा आणि गालात धरायचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण गालातली सवय कुठे जाते? आणि ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं आणि गुटख्याच्या सवयीचा पश्चात्ताप होतो हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. आबा २०१५ मध्ये याच आजारानं गेले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. हे सगळं दादाला माहीत होतं. त्यानं ते स्वतःच्या गालाशी जोडलं नव्हतं, इतकंच.

साधा फोड दुखतो, म्हणून आपण धावतो. वाईट जखम सुरुवातीला बरेचदा दुखत नाही, आणि तिथंच घात होतो. दोन-तीन आठवड्यांत भरून न आलेला फोड, कडा कडक लागणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला कमी पडणं, मानेत गाठ... यातलं काहीही असेल तर जेल विकत घ्यायचं नाही, सरळ डेंटिस्ट गाठायचा. घरी करण्यासारखी एक टेस्ट आहे. स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. साधारणपणे ती सहज जातात.

दादाची दोनच गेली.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी त्याला कोल्हापूरला नेलं. दाढेचा तुटका कोपरा गालाला घासत होता, तो आधी गुळगुळीत केला. जखमेचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट यायला आठवडा लागला, त्या आठवड्यात वहिनीनं घरातल्या सगळ्या खिशांची झडती घेतली. रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता. पण सुपारीनं गालाचं अस्तर आतून आखडत चाललेलं, सबम्युकस फायब्रोसिस. ते पूर्ववत होणं कठीण, पुढे कर्करोगात बदलण्याचा धोका कायम, त्यामुळे मावा बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

जखम भरली. तोंड उघडण्याचे व्यायाम तो रोज सकाळी अंगणात करतो, पोरं त्याची नक्कल करतात. परवा फोन आला, ‘अडीच बोटं जात्यात बघ आता. मावा सोडून सात म्हैनं झालं. कोपऱ्यावरनं जाताना गाडीचा वेग वाढवतो नुसता.’