रणगाड्यांपुढचा वाटाड्या

शौर्यपदक म्हटलें कीं संगीन रोखून शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. यांत्रिक युद्धानें ही कल्पना बरीच पालटली. सोव्हिएत सरकारनें १७ ऑक्टोबर १९३८ रोजीं ‘धैर्याबद्दल’ या नांवाचें पदक सुरू केलें. दुसऱ्या महायुद्धांत तें रणगाडे चालविणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनाही मिळालें. रणगाडा जागचा हललाच नाहीं, तर त्याची तोफ काय कामाची?

आपल्याकडे याच जातीचा पराक्रम सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनीं केला. कारवारजवळील चेंडिया गांवीं २६ जून १९१८ रोजीं त्यांचा जन्म झाला. १९४० मध्यें ते मुंबई सॅपर्समध्यें भरती झाले. या दलाचें मुख्य ठाणें आपल्या पुण्याजवळ, खडकीस आहे. सॅपर हाही शिपाईच. परंतु कुदळ, फावडें आणि सुरुंग हीं त्याचीं खरीं हत्यारें. ब्रह्मदेशांत जपान्यांशीं झुंजून आलेले राणे डिसेंबर १९४७ मध्यें अधिकारी झाले.

एप्रिल १९४८ मध्यें आपली फौज नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता मनांत आणा. त्याच्या दोन्ही अंगांस डोंगर उभे करा, त्यांवर शत्रू बसवा, रस्त्यावर जागोजाग झाडें आडवीं पाडा आणि मातीखालीं सुरुंग पेरा; म्हणजे त्या वाटेची कल्पना येईल. रणगाडाविरोधी सुरुंग रणगाड्याच्या भारानें फुटतो व त्याचा पट्टा तोडतो. पट्टा तुटला कीं रणगाडा खिळून बसतो आणि अरुंद वाटेंत मागची सारी रांग अडते. म्हणून त्या पोलादी यंत्राच्याही पुढें कोणा तरी माणसास उघड्या अंगानें जावें लागतें.

८ एप्रिलला बरवालीच्या डोंगरापलीकडे राणे यांच्या तुकडीनें काम हातीं घेतलें, तोंच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार झाले, पांच जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. तरीही काम थांबलें नाहीं. पुढें ते आघाडीच्या रणगाड्याखालीं शिरले आणि दोन्ही पट्ट्यांच्या मधून, त्याच्या चालीबरोबर सरपटत राहिले. हातांत दोन दोऱ्या होत्या. त्या ओढून चालकास ‘चल’ आणि ‘थांब’ अशी खूण ते देत. अशा रीतीनें त्यांनीं अडथळा गांठला. ११ एप्रिलला १७ तास राबून त्यांनीं चिंगसपर्यंतची वाट मोकळी केली. १२ एप्रिलला राजौरी हातीं आली आणि तेथें कोंडलेल्या कित्येक निर्वासितांची सुटका झाली.

या कामगिरीबद्दल राणे यांस परमवीरचक्र मिळालें. हें पदक २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालें आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांस लागू करण्यांत आलें. सावित्रीबाई खानोलकरांनीं योजिलेल्या त्याच्या आकृतींत इंद्राचीं चार वज्रें आहेत. दधीचीनें आपल्या अस्थि देऊन घडविलेलें तें वज्र! काश्मीरच्या त्या युद्धांत हा मान मिळालेल्या ५ जणांपैकीं राणे आणि करम सिंग हे दोघेच तो स्वीकारण्यास जिवंत राहिले. राणे यांचें निधन १९९४ मध्यें पुण्यास झालें.

किती शत्रू मारले, हा हिशेब राणे यांच्या कीर्तीस लागत नाहीं. किती कोस वाट निर्धोक झाली आणि तिच्यावरून किती माणसें सुखरूप गेलीं, एवढाच हिशेब तिला पुरतो.