दामाजीपंतांचं कोठार आणि एकादशीची रात्र

माझी आजी आषाढी एकादशीला निरंकार राहायची. दशमीच्या रात्री ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली की मग थेट द्वादशीला सकाळी बारस सोडायची. मधले तीसेक तास पोटात पाण्याखेरीज काही नाही, तरी घरातलं एक काम अडायचं नाही. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि रक्तात एका वेळी असतं जेमतेम चार-पाच ग्रॅम. मग बाकीचं यायचं कुठून?

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगणं सोपं आहे, कारण मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात आहे. बहामनी काळातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी तिथली सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या शरीरात असं सार्वजनिक कोठार एकच, यकृत. भाकरीतला स्टार्च पचून त्याचं ग्लुकोज होतं आणि त्यातलं जास्तीचं ग्लुकोज एकमेकांना जोडून यकृत ग्लायकोजेन बनवतं. पोटभर जेवणानंतर तिथे शंभरेक ग्रॅम साठा असतो. स्नायूंत त्याच्या चौपट असतो, पण ती ज्याची त्याची घरची कणगी. शेजारी उपाशी असला तरी त्यातला दाणा बाहेर जात नाही.

दशमीचं जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि ग्लायकोजेन सिंथेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, साखळी वाढवू लागतं. दुसरं विकर मधूनमधून फांद्या फोडतं. फांद्या कशाला? काढताना प्रत्येक टोकाकडून एकदम सुरुवात करता यावी म्हणून. एकाच दाराच्या कोठारापुढे रांग लागते, ती इथे लागत नाही.

पहाट होते, रक्तातली साखर उतरू लागते आणि स्वादुपिंडातून ग्लुकागॉन निघतं. ते यकृताच्या पेशीत शिरत नाही, बाहेरूनच दार वाजवतं. आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या तयार होतो. तो एका विकराला जागं करतो, ते दुसऱ्याला आणि शेवटी फॉस्फोरिलेज जागं होऊन साखळीच्या टोकाचं एकेक ग्लुकोज सोडवू लागतं. निरोप हातोहात जाताना वाढत जातो, त्यामुळे चिमूटभर संप्रेरकानं पसाभर साखर बाहेर पडते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट निराळीच आहे. निरोप पोचतो तो फॉस्फेटची खूण चिकटवून. ही खूण फॉस्फोरिलेजवर बसली की ते चालू होतं आणि सिंथेजवर बसली की ते बंद पडतं. एकाच शिक्क्यानं काढणारा कामाला लागतो आणि भरणारा घरी जातो. नाहीतर एकानं पोती भरायची, दुसऱ्यानं ओतायची, असा खेळ चालला असता. जेवण झालं की फॉस्फेटेज ती खूण पुसतं आणि सगळं उलट फिरतं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी ही खुणेची युक्ती स्नायूंतल्या फॉस्फोरिलेजवर उलगडली आणि त्यांना १९९२चं नोबेल मिळालं. त्याआधी १९४७ साली कोरी दांपत्याला याच वाटेवर ते मिळालं होतं.

साखळीतून सुटलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटलेलं असतं आणि त्यासकट ते पेशीबाहेर पडत नाही. ते काढणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज यकृतात आहे, स्नायूंत नाही. कणगीतला दाणा घरातच का राहतो, त्याचं कारण हे. पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याची पोटरी स्वतःचं ग्लायकोजेन स्वतःच जाळते. तिला ग्लुकागॉनचा निरोप ऐकूच येत नाही. ती हलते ती आकुंचनाच्या वेळी सुटणाऱ्या कॅल्शियमवर आणि अ‍ॅड्रेनॅलिनवर.

चोवीस तासांच्या आसपास यकृताचं कोठार जवळजवळ रिकामं होतं. तोवर यकृतानं अमिनो आम्लं, लॅक्टेट, ग्लिसरॉल यांच्यापासून नवं ग्लुकोज घडवायला घेतलेलं असतं. आजीची एकादशीची रात्र त्यावर निघायची. आमची मात्र साबुदाण्यावर! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ करणाऱ्यांच्या घरी कोठाराचं कुलूप फारसं काढावंच लागत नाही.

एखादं विकर जन्मतः नसेल तर काय होतं? व्हॉन गिर्के आजारात ते ग्लुकोज-६-फॉस्फेटेजच नसतं. कोठार भरत राहतं, यकृत फुगून पोट पुढे येतं, पण बाळाची साखर दूध प्यायल्यावर काही तासांतच कोसळते. यावरचा एक उपाय ऐकून आश्चर्य वाटेल, न शिजवलेला मक्याचा स्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोर, पाण्यात कालवून दिवसरात्र ठरल्या वेळी देणं. कच्चं असल्यामुळे ते सावकाश पचतं. मॅकआर्डल आजारात स्नायूंतलं फॉस्फोरिलेज नसतं. जिना चढताना पाय आखडतात, यकृत मात्र ठणठणीत. असे आजार दुर्मीळ आहेत.

दुर्मीळ नाही तो मधुमेह. “रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळची साखर वाढलेली कशी?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, त्यामुळे रात्रभर ते गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहतं. उपासात उलटा धोका असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं की पोट रिकामं असो की भरलेलं, कोठाराला कुलूप लागतं आणि साखर घसरत जाते.

तेव्हा मधुमेहींनी निरंकार एकादशीचा बेत दशमीच्या आधीच डॉक्टरांना सांगावा, औषध मनानं बंद करू नये आणि बदलूही नये. ज्या विठोबानं दामाजीपंतांच्या धान्याचे पैसे बादशहाकडे भरले, तो चमचाभर साखरेवरून रागावायचा नाही. हात थरथरले, दरदरून घाम सुटला, तर उपास तिथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी.