स्पेनला जाऊनही स्पॅनिश का येत नाही?

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकून आले की तिथली भाषा आपोआप येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात स्पेनमध्ये एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून चार-पाच महिने राहूनही अनेकांची गाडी कॉफी मागवणे आणि बसचे तिकीट काढणे यापुढे जात नाही. घरमालकिणीला गळक्या नळाबद्दल सांगायचे झाले, की मोबाइलवरचे भाषांतराचे ॲप उघडावे लागते. यात बुद्धीचा दोष नसतो. त्या देशात किती महिने राहिलो यापेक्षा ती भाषा रोज किती तास वापरली, हे मेंदूसाठी महत्त्वाचे असते.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे तीन गट तपासले गेले. एक नेहमीच्या वर्गात शिकणारा, दुसरा फ्रान्सला गेलेला आणि तिसरा अमेरिकेतच, पण दिवसभर फ्रेंचमध्येच बोलायचे अशा शिबिरात राहिलेला. बोलण्यातील सहजतेत सर्वाधिक प्रगती तिसऱ्या गटाने केली. फ्रान्सला गेलेले विद्यार्थी वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरत होते!

मेंदूत काय घडते?

स्वीडनच्या लष्करी दुभाषा प्रशिक्षण संस्थेतील तरुणांच्या मेंदूची चित्रे प्रशिक्षणाआधी आणि तीन महिन्यांनंतर घेण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात स्मरणाशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ आणि भाषेशी निगडित काही भागांत वाढ दिसली. तितकाच कसून अभ्यास करणाऱ्या, पण भाषा न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ती दिसली नाही. म्हणजे विशी ओलांडली की नवी भाषा येत नाही, हे खरे नाही.

मात्र हे काम थकवणारे असते. सुरुवातीच्या आठवड्यांत संध्याकाळी डोके जड होते, चिडचिड होते. आईशी फोनवर बोलताना साधा मराठी शब्दही आठवत नाही. त्याने घाबरून जाऊ नये. स्पेनमध्ये राहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांवरील २००९ च्या अभ्यासात, त्यांना ठरावीक वेळात आपल्याच इंग्रजीतले शब्द मायदेशातील विद्यार्थ्यांपेक्षा कमी आठवले. नव्या भाषेला वाट देण्यासाठी मेंदू जुनीला तात्पुरते आवरून धरतो. मातृभाषा पुसली जात नाही.

मराठीचा फायदा

आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीतून शिकली जाते. त्यामुळे उच्चारात उगाच ‘ट’ आणि ‘ड’ घुसतात. स्पॅनिश उच्चार आपल्या ‘त’ आणि ‘द’च्या जवळचे आहेत. ‘र’ मात्र जपावा. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, तोच ‘र’ जीभ थरथरवून उच्चारला तर ‘कुत्रा’. इंग्रजी भाषकांना अवघड जाणारे ‘मे गुस्ता एल ते’ हे वाक्य मराठी माणसाला ओळखीचे वाटावे. ‘मला चहा आवडतो’ याचीच ती रचना आहे.

इंग्रजीवरून अंदाज बांधणे दवाखान्यात अडचणीचे ठरते. स्पेनमध्ये ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी झालेला, बद्धकोष्ठ नव्हे. ‘एम्बारासादा’ म्हणजे लाजलेली नव्हे, तर गर्भवती. आपल्या ‘अवघडलेली’ची आठवण यावी असा हा शब्द. १९८० मध्ये अमेरिकेत एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ म्हटले. त्यांना खाण्यातून बाधा झाल्याचे सुचवायचे होते. डॉक्टरांनी अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. मेंदूतील रक्तस्राव उशिरा कळला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. म्हणूनच आपले आजार, ॲलर्जी आणि चालू औषधे अचूक स्पॅनिशमध्ये लिहून जवळ ठेवावीत. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

काय करावे?

- शक्यतो स्पॅनिश बोलणाऱ्यांबरोबर खोली घ्यावी. फक्त भारतीय मित्रांत राहिले तर आधार मिळतो, भाषा मिळत नाही.
- बार्सिलोनाला जाणाऱ्यांनी वर्ग कोणत्या भाषेत चालतात, हे आधीच विचारावे. तिथे कातालानही अधिकृत भाषा आहे.
- ‘इन्तेरकाम्बिओ’ शोधावा. यात अर्धा तास तुम्ही त्यांची भाषा बोलता, अर्धा तास ते तुमची.
- खेळाचा संघ किंवा गायनवृंद अशा ठिकाणी तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. ओळख वाढली की चुकण्याची भीती कमी होते.
- नवे शब्द संध्याकाळी उजळावेत आणि वेळेवर झोपावे. दिवसभरात शिकलेले झोपेत पक्के होते. स्पेनमध्ये रात्रीचे जेवणच नऊ-दहाला असते, तेव्हा जागरण टाळायला हवे.
- घरी फोन जरूर करावा, पण वेळ ठरवून. मोकळा वेळ सगळा मराठी मालिकांत गेला, तर बोलायला वेळ उरत नाही.

थकवा आणि घरची ओढ पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली, मन उदास राहिले, खोलीबाहेर पडावेसेच वाटेना, तर ते भाषेच्या अडचणीवर ढकलू नये. विद्यापीठाच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना वेळीच भेटावे. आणि पालकांनी फोनवर ‘स्पॅनिश कितपत आली?’ याआधी ‘आज कोणाशी बोललास?’ असे विचारावे. त्या उत्तरात दोन्ही गोष्टी कळतात.